३१ डिग्रीचं ते पीक भट्टीतून आलेलं नाही

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. सोलापुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू आहे, कॅल्शियम नायट्रेट आणि डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट घेऊन अमोनिया टाकत टाकत हायड्रॉक्सीअपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट) साका, म्हणजे द्रावणातून खाली बसणारा गाळ, पाडला, ८० डिग्रीला ओव्हनमध्ये सुकवला, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायची चाचणी) काढलं तर आलेखातली सगळी टोकं म्हणजे पीक्स अपेटाइटच्या ०९-०४३२ नंबरच्या संदर्भ कार्डाशी जुळले आणि गाईड म्हणाले फेज प्युअर आहे, म्हणजे दुसरं काही मिसळलेलं नाही. मग ९०० डिग्रीला दोन तास मफल भट्टीत ठेवलं तर ३१.० ला (हे डिग्री तापमानाचे नाहीत, आलेखातल्या कोनाचे) नवीनच पीक उभं राहिलं, सॉफ्टवेअर म्हणतं बीटा टीसीपी (ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं एक रूप). तर पावडर भट्टीत तुटली का, आणि ६०० वरच थांबलं तर चालेल का?

भट्टीत काही तुटलेलं नाही. बरोबर मापाचं हायड्रॉक्सीअपेटाइट, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसचा रेशो १.६७ असलेलं, ९०० ला काय ११०० ला पण हवेत ढिम्म हलत नाही. ते मोडायला साधारण १३०० च्या आसपास जावं लागतं आणि तिथं निघतो तो अल्फा टीसीपी आणि टेट्राकॅल्शियम फॉस्फेट, बीटा नाही. ९०० ला बीटा निघतोय याचा अर्थ तुमची पावडर बीकरमधूनच कॅल्शियम कमी घेऊन बाहेर आली होती, भट्टीनं ते फक्त उघडं पाडलं. चादरीचा कच्चा रंग पहिल्या धुण्यात सुटला म्हणून आपण पाण्याला बोल लावतो का? आणि ६०० वर थांबायचं म्हणजे चादर कधी धुवायचीच नाही असं ठरवण्यासारखं आहे, रंग कच्चाच राहतो.

मला तुमच्या प्रश्नात जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच, की ८० डिग्रीच्या एक्सआरडीनं हे आधी का सांगितलं नाही. कारण तिथंच सगळे फसतात, मी पण फसलोय, आणि गाईडना दोष देऊ नका, त्यांनी जे समोर होतं तेच सांगितलं. अपेटाइट हे नावच मुळात ग्रीक भाषेतल्या फसवणे या शब्दावरून पडलंय, व्हेर्नर नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १७८६ मध्ये ठेवलं, कारण लोक हे खनिज दुसरंच काहीतरी समजायचे. सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली तरी त्यानं सवय सोडलेली नाही.

आता त्याची रचना बघा. हेक्सागोनल युनिट सेल, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणारा छोटा षटकोनी डबा, ए बाजू ९.४२ अँगस्ट्रॉम आणि सी बाजू ६.८८. एका सेलमध्ये १० कॅल्शियम, ६ फॉस्फेट आणि २ हायड्रॉक्सिल, एकूण ४४ अणू. दहातले चार कॅल्शियम सी अक्षाच्या दिशेनं खांबासारखे एकावर एक उभे असतात, उरलेले सहा त्रिकोण करून एका पोकळ नळीभोवती बसतात आणि त्या नळीत हायड्रॉक्सिल रांगेत असतात. या घराची खासियत अशी की ते लई सोशिक आहे. एक कॅल्शियम गेला तर चार्जचा हिशोब जुळवायला एक फॉस्फेट हायड्रोजन घेऊन हायड्रोजन फॉस्फेट होतो, नळीतला एक हायड्रॉक्सिल निघून जातो, आणि घर तसंच उभं राहतं. १० चे ९ कॅल्शियम झाले तरी उभंच, म्हणजे रेशो १.६७ वरून थेट १.५ पर्यंत आला, टीसीपीचा जो रेशो आहे तोच झाला, तरी एक्सआरडीत दिसतं ते अपेटाइटच. केमिकली टीसीपी आणि रचनेनं अपेटाइट. एक्सआरडी रचना बघतं, वजनाचा हिशोब बघत नाही, एवढं डोक्यात पक्कं करा.

त्यात ८० डिग्रीला सुकवलेल्या पावडरीचे कण बारीक असतात त्यामुळं पीक्स फुगतात. तुमच्या पहिल्या स्कॅनमध्ये ३१.८, ३२.२ आणि ३२.९ ही तीन वेगळी टोकं दिसतात का बघा, माझी पैज आहे की तिथं एकच बसकी टेकडी असणार. त्या टेकडीच्या पोटात ३१.० चं एखादं छोटं पीक असलं तरी दिसणार नाही. आणि सॉफ्टवेअरचं ऑटो मॅच म्हणाल तर त्याला टेकडी दिली की ते अपेटाइटचं कार्ड काढून हातात देतं, ते काही तुमच्या प्रोजेक्टची काळजी करत नाही.

जाता जाता शेररच्या सूत्राचं (पीकच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढायचं) पण सांगतो कारण तुम्ही क्रिस्टलाइट साइजचा सरासरी आकडा दिलाय. अपेटाइटचे कण सुईसारखे सी अक्षाच्या दिशेनं लांब वाढतात, त्यामुळं २५.९ चं शून्य-शून्य-दोन या स्फटिक-पातळीचं पीक अरुंद असतं आणि ३२.९ चं तीन-शून्य-शून्यचं रुंद. पहिल्यातून लांबी मिळते, दुसऱ्यातून जाडी. २५.९ च्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४ डिग्री असेल तर लांबी २० नॅनोमीटरच्या आसपास येते. लांबी आणि जाडीची सरासरी काढून एक आकडा दिला तर त्याला काही अर्थ राहत नाही. शिवाय मशीनची स्वतःची रुंदी वजा केली का? बहुतेक नाही केली.

बरं, भट्टीत नक्की काय होतं. तापवत नेलं की आधी पाणी जातं, मग ते हायड्रोजन फॉस्फेट दोन-दोन मिळून पायरोफॉस्फेट होतात, हे साधारण २५० ते ६०० च्या मधे कधीतरी. आणि ७०० च्या पुढं ते पायरोफॉस्फेट नळीतल्या हायड्रॉक्सिलला खातं, पाणी बाहेर पडतं आणि तेवढ्या भागाचा बीटा टीसीपी होतो. म्हणून ६०० ला तुम्हाला पीक दिसणार नाही, पण आत पायरोफॉस्फेट बसलेलं असेल, एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड किरणांची चाचणी) ७१५ च्या आसपास बारीक पट्टा दिसतो बघा. म्हणजे ६०० ला थांबून पावडर शुद्ध होत नाही, उलट तिसरीच भानगड तयार होते.

आता हिशोब, कारण सगळ्यात जास्त आश्चर्य इथंच वाटतं. ०.०५ मोल कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट म्हणजे ११.८१ ग्रॅम, त्याला ०.०३ मोल फॉस्फेट म्हणजे ३.९६ ग्रॅम, यातून ५ ग्रॅम हायड्रॉक्सीअपेटाइट निघतं. समजा कॅल्शियम फक्त १ टक्का कमी पडलं. रेशो १.६५ होतो, ऐकायला किती जवळ वाटतो, पण १००० डिग्रीनंतर पावडरीत वजनानं ९ टक्क्यांच्या वर बीटा टीसीपी निघतो. आणि ५ टक्के कमी पडलं तर? रेशो १.५८, आणि जवळपास निम्मी पावडर बीटा टीसीपी. ५२ ला ४८. वहीवर मांडून बघा, दोन अज्ञातांची समीकरणं आहेत, दहावीच्या गणितात सुटतात. १.५ ते १.६७ ही फट एवढी अरुंद आहे की वजनातली बारीक चूक फेजमध्ये दहापट होऊन बाहेर येते.

मग ते ५ टक्के कुठं जातात? तुमच्या लॅबचं मला माहीत नाही, त्यामुळं माझ्या अनुभवातनं सांगतो, मी चिंचोळी एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये या पावडरी बनवतो आणि त्याआधी बरीच वर्षं लॅबमध्ये काढलीत. माझा पहिला संशय कायम नायट्रेटच्या बाटलीवर. कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट हवेतलं पाणी ओढतं हे पुस्तकात असतंच, पण ते ४३ डिग्रीच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं हे कुणी लक्षात घेत नाही. पुण्यात बसून पुस्तक वाचणाऱ्याला त्याचं काही नाही, आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कपाटात ४३ काय लांब आहे का! एका उन्हाळ्यात सुट्टीनंतर कपाट उघडलं तर अर्धा किलोच्या बाटलीत खाली खडा आणि वर पाक, जिलेबीच्या कढईसारखं. मी काय केलं तर संध्याकाळपर्यंत परत घट्ट झालं म्हणून चमच्यानं वरचं वरचं घेऊन वजन केलं. वरचा भाग जास्त ओला, म्हणजे तराजूवर ११.८१ ग्रॅम आलं तरी त्यात कॅल्शियम कमीच. ती अख्खी बॅच ९०० ला फाटली, आणि मी आठवडाभर भट्टीच्या थर्मोकपलवर संशय घेत बसलो होतो.

यावर उपाय एकदम साधा आहे. नायट्रेट वजनावर घेऊच नका. अंदाजे एक मोलरचं स्टॉक सोल्युशन करा आणि ईडीटीएनं टायट्रेट करा, तेच टायट्रेशन जे बी.एस्सी.ला पाण्याच्या कठीणपणासाठी करतात, फक्त पीएच १२ च्या वर नेऊन, म्हणजे मॅग्नेशियम मधे लुडबुड करत नाही. तीन वाचनं जुळली की खरी मोलॅरिटी कळते, मग व्हॉल्यूमनं घ्या. एक दिवस जातो पण पुढचा महिना वाचतो.

दुसरा संशय पीएचवर. साका पडताना हायड्रॉक्सिल वापरले जातात त्यामुळं पीएच आपोआप खाली येतो, सुरुवातीला १०.५ केला आणि मग फॉस्फेट थेंब थेंब सोडत मोबाईल बघत बसलं तर शेवटी तो ८ ला पण गेलेला असतो. तिथं हायड्रोजन फॉस्फेट जास्त, म्हणजे कॅल्शियम कमी. फारच खाली ॲसिडकडं गेला तर ब्रुशाइट (दुसरंच एक कॅल्शियम फॉस्फेट) पडतं, त्याचं मोठं पीक ११.७ ला असतं, आणि तुमचा स्कॅन तर २० पासून सुरू होतो! म्हणजे असतं तरी तुम्हाला दिसलं नसतं. अमोनियाची बाटली पण उन्हाळ्यात हलकी होते, लेबलवर २५ टक्के असलं तरी आत तेवढा राहिलेला नसतो, त्यामुळं इतके मिली अमोनिया असं पेपरात वाचून टाकू नका, मीटर बघून टाका आणि शेवटपर्यंत १० च्या वर धरून ठेवा.

तिसरं म्हणजे घाई. पहिला जो साका पडतो तो अपेटाइट नसतोच, तो अमॉर्फस, म्हणजे स्फटिक न झालेला, कॅल्शियम फॉस्फेट असतो आणि त्याचा रेशो १.५ च्या आसपास असतो. उरलेलं कॅल्शियम अजून वरच्या पाण्यात असतं आणि साका मुरताना हळूहळू आत जातं. तुम्ही तासाभरात गाळला तर ते कॅल्शियम सिंकमध्ये गेलं. टाकताना रेशो १.६७ होता म्हणजे पावडरीत पण १.६७ आला असं नसतं. रात्रभर हलवत ठेवा, जमलं तर गरम, आणि सकाळी पीएच परत बघून गरज असेल तर अमोनिया टाका. भाकरीचं पीठ मळून लगेच थापता येतं, हे तसलं पीठ नाही, हे आंबवायचं पीठ आहे.

पाण्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, बाकी दिवस बोअर, आणि बोअरचं पाणी किती कठीण ते बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतंच. एकदा माझ्याकडं डीआय युनिटची (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राची) रेझिन संपलेली, कंडक्टिव्हिटीच्या काट्याकडं मी बघितलंच नाही, सोल्युशनं पण त्याच पाण्यात केली आणि धुतलं पण त्यातच. नंतर तापवल्यावर बीटा टीसीपी निघाला तो तर निघालाच, पण त्याचं पीक ३१.० ला नसून थोडं उजवीकडं सरकलेलं. पहिल्यांदा वाटलं होल्डरमध्ये पावडर वरखाली भरली असेल, कारण पृष्ठभाग ०.१ मिलिमीटर चुकला तरी पीक ०.०५ डिग्रीनं इकडं तिकडं होतं. पण मग सगळेच पीक्स सरकायला हवेत, आणि त्याच स्कॅनमध्ये अपेटाइटचे पीक्स जागच्या जागी होते. म्हणजे फक्त टीसीपीचा सेल लहान झालेला. मॅग्नेशियम! कॅल्शियमपेक्षा लहान आयन, तो बीटा टीसीपीच्या रचनेत जाऊन बसतो आणि तिला आणखी घट्ट करतो, मग ती अल्फा टीसीपीकडं जायला सहजी तयार होत नाही. तर तुमच्या ९०० च्या स्कॅनमध्ये ३१.० नक्की ३१.०३ च्या जवळ आहे की ३१.१ च्या पुढं गेलंय हे बघा. पुढं गेलं असेल आणि अपेटाइट जागेवर असेल तर आधी पाणी तपासा, नायट्रेट नंतर.

रेशो कसा मोजायचा यावर एक. बरेच जण सेमसोबतच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसोबतच्या) ईडीएसचा, म्हणजे मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या जोडणीचा, आकडा थिसिसमध्ये टाकतात, १.६४ आला, छान. खडबडीत पावडरीवर ईडीएसची चूकच एवढी असते की १.६० आणि १.६७ मधला फरक त्याला झेपत नाही, आणि आपला सगळा खेळ तेवढ्यातच आहे. त्यापेक्षा तुमची ९०० वाली चाचणी, जी तुम्हाला अपघात वाटतेय, तीच रेशो मोजायची चांगली पद्धत आहे. १००० डिग्रीला दोन तास ठेवा, एक्सआरडी काढा, रिटवेल्ड (अख्खा आलेख गणितानं जुळवायची पद्धत) करून दोन फेजची टक्केवारी काढा आणि उलटा हिशोब करून रेशो मिळवा. प्रोफेक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे बसतं. कॅल्शियम जास्त झालं असेल तर ३७.४ ला कॅल्शियम ऑक्साइडचं पीक येतं म्हणजे चुना, आणि तो कमी असला की नॉइजमध्ये लपतो. त्यासाठी मी अजून जुनीच युक्ती करतो, चिमूटभर तापवलेली पावडर पाण्यात टाकून फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब, झटकन गुलाबी झालं की समजायचं. चुना राहिला तर दाबून भाजलेली पेलेट आठ-पंधरा दिवसांत हवेतलं पाणी पिऊन तडकते, कपाटात आपोआप भुकटी झालेली मी बघितलीय.

आणि हो, एक धोक्याची गोष्ट. या रिॲक्शनमध्ये भरपूर अमोनियम नायट्रेट तयार होतं. पावडर नीट न धुता भट्टीत घालू नका, आणि शेवटी इथेनॉलनं धुवायची सवय असेल तर आधी पाण्यानं नायट्रेट पूर्ण काढा. एफटीआयआरमध्ये १३८४ ला टोकदार सुई दिसली तर धुणं कमी पडलंय.

आता बीटा टीसीपी आला म्हणजे पावडर वाया गेली का? ते तुम्हाला ती कशाला हवीय यावर आहे, आणि प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही. शुद्ध हायड्रॉक्सीअपेटाइट म्हणून इम्प्लांटसाठी द्यायची असेल तर एएसटीएम एफ ११८५ हे स्टँडर्ड किमान ९५ टक्के मागतं, तिथं नाही चालणार. पण हाडातली पोकळी भरायला लोक मुद्दाम दोन्हीचं मिश्रण वापरतात, कारण बीटा टीसीपी शरीरात लवकर विरघळतो आणि जागा मोकळी करून देतो, अपेटाइट मागं टिकून आधार देतं. ठरवून केलेल्या मिश्रणाला मान आहे, चुकून झालेल्याला नाही, एवढाच फरक. आणि औषध धरून ठेवायला किंवा पॉलिमरमध्ये मिसळायला हवी असेल तर ९०० ला न्यायचीच कशाला, आपलं स्वतःचं हाड पण कॅल्शियम कमी आणि कार्बोनेट असलेलं बारीक अपेटाइटच आहे, त्याला कुणी मफलमध्ये घातलेलं नाही. फक्त मग थिसिसमध्ये तिला स्टॉइकिओमेट्रिक, म्हणजे बरोबर मापाची, म्हणू नका, कॅल्शियम डेफिशियंट अपेटाइट म्हणा. परीक्षक पहिला प्रश्न इथंच विचारेल.

तर सध्या नवीन बॅच करू नका. आहेत त्याच ८० वाली आणि ९०० वाली पावडर घ्या, थोडी सिलिकॉन पावडर मिसळा म्हणजे २८.४४ ला जागा पक्की माहीत असलेला खुंटा मिळेल, १० ते ६० डिग्री, ०.०२ ची स्टेप आणि प्रत्येक स्टेपला किमान एक सेकंद असा स्कॅन परत काढा. मग ८० वालीत ११.७ ला आणि ९०० वालीत ३१.० ला आणि ३७.४ ला काय आहे ते आकड्यात लिहा, सोबत नायट्रेटची बाटली कधी उघडली होती ते पण. मे मधे उघडली असेल तर पुढचं मी न बघताच सांगेन.